पंधरा काड्या एकदमच का बघता येत नाहीत?

गणपती उठले की तासगाव भागात फळछाटणीची गडबड सुरू होते आणि आमच्या छोट्याशा लॅबपुढं सकाळपासनं गाड्या लागतात, प्रत्येकाकडं ओल्या गोणपाटात नाहीतर पेपरात गुंडाळलेल्या द्राक्षाच्या काड्या. मागच्या हंगामात सावळजकडचे एक काका आले, पंधरा काड्यांची मोळी टेबलावर ठेवली. मी पहिल्या काडीचा पहिला डोळा, म्हणजे काडीवरचा कोंब, ब्लेडनं कापून मायक्रोस्कोपखाली धरला, मग दुसरा, मग तिसरा, काका शेजारी खुर्चीवर बसून बघत होते आणि शेवटी म्हणाले, "ताई, हे असं एकेक बघत बसलासा तर सांज हुईल की. सगळंच एकदम घाला त्या भिंगाखाली, आन् घड हाय का नाय तेवढं सांगा."

तेव्हा मी दोन वाक्यांत उत्तर दिलं कारण मागं अजून सहा जण थांबले होते. पण प्रश्न डोक्यातनं गेला नाही. तासगावात यायच्या आधी मी मिरजेत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये सात वर्षं होते आणि तिथं स्लाइडचा ट्रे समोर आला की रोज हाच विचार मनात यायचा, की हे सगळं एकदम का दिसू नये. त्यामुळं आज जरा सविस्तर लिहिते, काकांच्या नातवानं वाचून दाखवलं तर अजून बरं.

ज्यांना काडी तपासणी माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. आपण जो घड खातो तो त्या हंगामात तयार होत नाही, एप्रिल छाटणीनंतर जी नवी काडी फुटते तिच्या डोळ्यात तो उन्हाळ्या-पावसाळ्यातच अगदी बारीक रूपात तयार होऊन बसलेला असतो. बाहेरनं सगळे डोळे सारखेच दिसतात. पण कापून बघितलं तर काहींत घड असतो, काहींत बाळी म्हणजे घडाऐवजी नुसता तंतू असतो, काहींत नुसतीच पानं. कितव्या डोळ्यावर कात्री लावायची हे त्यावरनं ठरवायचं, आणि तिथं चुकलं तर बाग हिरवीगार फुटते पण घड नाहीत, म्हणजे औषधं, मजुरी, खत सगळ्याचा खर्च अंगावर. म्हणून मी घाई करत नाही, कुणी कितीही तगादा लावला तरी.

आता भिंगाकडं वळू.

मायक्रोस्कोपला डोळा लावला की जो उजेडाचा गोल दिसतो त्याला आम्ही लॅबवाले फील्ड म्हणतो. तुमच्या शाळा-कॉलेजात मायक्रोस्कोप असेल तर आयपीसची, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगाची, कड नीट बघा, बारीक अक्षरांत १०एक्स आणि त्याच्यापुढं १८ नाहीतर २० असा आकडा कोरलेला असतो. हा दुसरा आकडा म्हणजे फील्ड नंबर, मिलीमीटरमध्ये. त्याला खालच्या ऑब्जेक्टिव्हच्या, म्हणजे नमुन्याजवळच्या भिंगाच्या, आकड्यानं भागलं की तुम्हाला नमुन्याचा प्रत्यक्षात केवढा गोल दिसतोय ते कळतं. २० चा आयपीस धरा. ४ च्या ऑब्जेक्टिव्हला ५ मिलीमीटरचा गोल दिसतो, १० ला २ मिलीमीटर, ४० ला अर्धा मिलीमीटर, आणि ऑइल घालून १०० चं लावलं की फक्त ०.२ मिलीमीटर. म्हणजे ४ वरनं १०० वर गेलात की गोलाची रुंदी २५ पटीनं कमी झाली, आणि क्षेत्रफळ म्हटलं तर ६२५ पटीनं. काचेची नेहमीची स्लाइड ७५ बाय २५ मिलीमीटरची, तिच्यावर झाकायची पातळ काच, म्हणजे कव्हरस्लिप, २२ बाय २२ ची. ती एवढीशी कव्हरस्लिप ४० च्या ऑब्जेक्टिव्हनं पूर्ण बघायची झाली तर जवळजवळ अडीच हजार फील्ड होतात. एका नमुन्याचीच ही गत, मग पंधरा नमुन्यांचं काय सांगायचं.

काड्यांसाठी मी वापरते तो स्टिरिओ मायक्रोस्कोप, त्याची झूम साधारण ०.७ ते ४.५. झूम सगळ्यात कमी केली तर २८ मिलीमीटरचा गोल दिसतो, त्यात कापलेले पाच-सहा डोळे आरामात ओळीनं मावतात. पण तेवढ्या झूमवर आतलं ते बारीक पांढरट-हिरवं काय आहे, घड आहे का बाळी, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. झूम वाढवली की एकच डोळा गोलात राहतो पण त्याच्या आतल्या घडाच्या फांद्या दिसायला लागतात, बारक्या फुलकोबीसारख्या. दंडोबाच्या डोंगरावर उभं राहिलं की खाली मैलोन् मैल बागा दिसतात की नाही, पण कुठल्या वेलीला डाऊनी रोग आलाय ते तिथनं दिसत नाही, त्यासाठी खाली उतरून पान उलटंच करावं लागतं. तसंच आहे हे.

इथं बरेच जण म्हणतात की मग डोंगरावरनं चांगल्या कॅमेऱ्यानं फोटो काढा आणि नंतर मोठा करून बघा. इथंच खरी मेख आहे आणि ती नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

मोठं दिसणं आणि बारकावा दिसणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नमुन्यातल्या बारीक रचनेवर उजेड पडला की तो पसरतो, आणि रचना जेवढी बारीक तेवढा तो जास्त तिरका पसरतो. तो तिरका उजेड भिंगात शिरला तरच तो बारकावा चित्रात येणार, बाहेर निसटला तर गेला, मग चित्र भिंतीएवढं केलं तरी तिथं नुसता धुरळाच. भिंग किती तिरका उजेड पकडू शकतं त्याचं माप ऑब्जेक्टिव्हवर लिहिलेलं असतं, त्याला न्यूमेरिकल अॅपर्चर म्हणतात. जर्मनीतल्या येना गावी अर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये ह्याचं गणित मांडलं. सोप्यात सांगायचं तर उजेडाच्या तरंगलांबीला अॅपर्चरच्या दुपटीनं भागा, तेवढ्या अंतरावरचे दोन ठिपके जेमतेम वेगळे दिसणार. मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग, हिरवा उजेड ०.५५ मायक्रॉनचा धरला तर ४ च्या ऑब्जेक्टिव्हला, ज्याचं अॅपर्चर ०.१० असतं, साधारण पावणेतीन मायक्रॉन. १०० च्या ऑइलवाल्याला, ज्याचं १.२५ असतं, साधारण ०.२२ मायक्रॉन. आपली लाल रक्तपेशी ७-८ मायक्रॉनची, आणि टीबीचा जंतू लांबीला २ ते ४ मायक्रॉन पण जाडीला अर्ध्या मायक्रॉनपेक्षाही कमी. म्हणजे ४ च्या ऑब्जेक्टिव्हला पेशी ठिपक्यासारखी कळेल, टीबीचा जंतू काही केल्या नाही.

आता मोठं अॅपर्चरही पाहिजे आणि रुंद फील्डही पाहिजे असं म्हटलं तर भिंग अवजड आणि भयंकर महाग होत जातं, कारण कडेकडेला चित्र वाकडं होतं, रंग फाटतात, मधला भाग फोकसमध्ये असला की कड अस्पष्ट. साध्या ऑब्जेक्टिव्हला हे लगेच दिसतं. ज्याच्यावर प्लॅन असं लिहिलेलं असतं त्याला कडेपर्यंत सपाट चित्र मिळतं, त्याची किंमत त्याच कामाची असते. गोलात दोन नमुने शेजारी ठेवून तुलना करायची असेल तर प्लॅनच पाहिजे, नाहीतर कडेचा नमुना बिचारा उगीचच खराब ठरतो.

मिरजेतलं एक उदाहरण सांगते. मिरज आरोग्याचं गाव, १८९४ मध्ये विल्यम वॉनलेस यांनी इथं हॉस्पिटल काढलं तेव्हापासनं कर्नाटकातनंसुद्धा पेशंट इथं येतात, त्यामुळं आम्ही टीबीसाठी थुंकीच्या स्लाइड भरपूर बघितल्या. झील-नील्सन पद्धतीनं रंगवलेला स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला थुंकीचा थर, त्यात निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्यांसारखे जंतू शोधायचे. एकही जंतू दिसला नाही तरी निगेटिव्ह लिहायच्या आधी १०० फील्ड बघायची असतात. स्मिअरची लांबी २० मिलीमीटर आणि ऑइलखाली एक फील्ड ०.२ मिलीमीटरचं, म्हणजे स्मिअरच्या ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत एक सरळ फेरी मारली की १०० फील्ड होतात. एक फेरी, एक पेशंट, आणि ट्रेमध्ये वीस-पंचवीस. संध्याकाळी मान वर करवत नसे.

मग एलईडीवाला फ्लुओरोसंट मायक्रोस्कोप आला. ह्यात ऑरामीन नावाचा रंग लावतात, अंधाऱ्या पार्श्वभूमीवर जंतू पिवळे-हिरवे चमकतात, दिवाळीत लांबच्या डोंगरावरची एकच पणती दिसावी तसे. पणतीचा आकार कळत नाही पण ती आहे हे कळतं, आणि आपल्याला तेवढंच कळायला पाहिजे असतं. त्यामुळं १०० चं ऑब्जेक्टिव्ह सोडून ४० नाहीतर २० वर काम भागतं, आणि २० वर एका फील्डमध्ये ऑइलच्या २५ पट जागा दिसते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये टीबीसाठी ही पद्धत वापरा असं सांगितलं. मला यातनं एक गोष्ट पक्की कळली, नमुना वेगळ्या तऱ्हेनं रंगवला तर कमी ताकदीच्या भिंगावर काम भागतं आणि एका नजरेत जास्त मावायला लागतं.

पण एकदम म्हणजे खरंच अनेक नमुने एकाच काचेवर, त्याचं काय? तर ही कल्पना जुनी आहे. सतराव्या शतकात हॉलंडमधल्या डेल्फ्टचे कापडव्यापारी लेवेनहुक, ज्यांनी पहिल्यांदा जंतू बघितले, त्यांच्या मायक्रोस्कोपमध्ये नमुना एका खिळ्याच्या टोकाला चिकटवलेला असायचा. चांगला नमुना बसला की तो काढायचाच नाही, पुढच्या नमुन्याला नवा मायक्रोस्कोप. असे त्यांनी शेकडो केले. पुढं अठराव्या शतकात हस्तिदंताच्या नाहीतर हाडाच्या पट्ट्या निघाल्या, पट्टीला ओळीनं चार-पाच गोल भोकं, प्रत्येक भोकात अभ्रकाच्या दोन पातळ चकत्यांमध्ये नमुना, वरनं पितळी तारेची कडी. पट्टी सरकवली की माशीचा पंख, मग पिसवीचा पाय, मग फुलातले पराग. आज लॅबमध्ये आठ किंवा बारा खणांच्या छापील स्लाइड मिळतात, प्रत्येक खणाभोवती पाणी न धरणारा थर असतो म्हणून एकाचा थेंब दुसऱ्यात जात नाही. कल्पना तीच, हस्तिदंत गेलं आणि काच आली.

ह्या सगळ्यात मला सगळ्यात जास्त भावलेली गोष्ट म्हणजे टिश्यू मायक्रोअॅरे. ही जरा नीट सांगते.

ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा तुकडा लॅबमध्ये मेणात बसवून ठोकळा करतात, त्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. मायक्रोटोमवर त्याचे ४-५ मायक्रॉन जाडीचे काप काढायचे, गरम पाण्यावर तरंगवायचे, स्लाइडवर उचलायचे, रंगवायचे. एक पेशंट, एक ब्लॉक, एक स्लाइड. आता समजा एखादं नवीन प्रथिन स्तनाच्या कॅन्सरमध्ये किती जणींत दिसतं हे बघायचंय आणि ब्लॉक आहेत पाचशे. पाचशे स्लाइड रंगवायच्या तर रंगवायचं महागडं औषध पाचशे वेळा लागणार, आणि सगळ्या एका दिवसात होणारच नाहीत. १९८६ मध्ये हेक्टर बॅटिफोरा यांनी अनेक गाठींच्या बारीक काड्या कापून, एकत्र गुंडाळून एकाच ब्लॉकमध्ये बसवल्या. एकाच कापात सगळ्या आल्या, पण कुठली कुणाची हे ओळखणं अवघड. मग १९९८ मध्ये कोनोनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शिस्तीत बसवलं. मार्केट यार्डात गव्हाचं पोतं न फोडता पोकळ टोकदार नळी खुपसून नमुना काढतात ना, तसंच. ०.६ मिलीमीटरच्या पोकळ सुईनं प्रत्येक पेशंटच्या ब्लॉकमधनं एक बारीक काडी काढायची आणि एका कोऱ्या मेणाच्या ब्लॉकमध्ये मोजून पाडलेल्या भोकात ती खोवायची, ओळी आणि रांगा धरून. अशा हजारपर्यंत काड्या एका ब्लॉकमध्ये बसतात. मग त्याचा एक काप काढला की एका स्लाइडवर शेकडो पेशंटचे गोल ठिपके, टिकल्यांच्या पाकिटासारखे.

मी पहिल्यांदा अशी स्लाइड हातात घेतली तेव्हा उजेडाकडं धरून कितीतरी वेळ नुसती बघत बसले. एवढ्याशा काचेवर एवढी माणसं. ४ च्या ऑब्जेक्टिव्हखाली एका गोलात पंचवीसच्या आसपास ठिपके दिसतात, २० वर गेलं की एकच ठिपका पण पूर्ण गोलात मावतो. ह्यात तोटाही आहे आणि तो लपवून चालणार नाही. लिंबाएवढ्या गाठीतला अर्ध्या मिलीमीटरचा ठिपका सगळ्या गाठीची गोष्ट सांगेलच असं नाही, म्हणून एकेका पेशंटच्या दोन-तीन काड्या घेतात, आणि कुठल्या जागेवरनं सुई घालायची ते पॅथॉलॉजिस्ट आधी पूर्ण स्लाइड बघून खूण करून देतात. कापताना काही ठिपके निसटूनही जातात. त्यामुळं हे संशोधनासाठी, नाहीतर रंग बरोबर लागतोय का ते तपासायला. एका माणसाचा रिपोर्ट द्यायचा तर त्याची पूर्ण स्लाइडच बघायची.

आणि इथं मला जे सांगायचंय ते येतं. लोकांना वाटतं की एकदम अनेक नमुने बघायचे ते वेळ वाचवायला. वेळ वाचतो, खरं आहे. पण त्याहून मोठा फायदा असा की सगळ्यांना सारखी वागणूक मिळते. आमच्या लॅबमध्ये सोमवारी रंगवलेली आणि गुरुवारी रंगवलेली स्लाइड शेजारी ठेवली की फरक उघड दिसायचा, रंगाची बाटली जुनी झालेली, पाण्याखाली धरायचा वेळ जरा कमीजास्त, खोलीत उकाडा. आता सोमवारच्या पेशंटचा रंग गडद आला तो त्याच्या आजारामुळं का बाटलीमुळं? एकेक स्लाइड बघून हे सांगताच येत नाही, कारण माणसाच्या डोळ्याला रंग लक्षात राहत नाही, दोन रंग शेजारी असले तरच तो फरक ओळखतो. साडीला मॅचिंग ब्लाउजपीस घ्यायला जाताना आपण साडी बरोबर नेतो ती उगीच नाही. म्हणून स्तनाच्या कॅन्सरमध्ये ईआर, पीआर, हर-टू ही प्रथिनं आहेत का ते तपासताना चांगल्या लॅब पेशंटच्या कापाशेजारी, त्याच काचेवर, आधीच माहीत असलेला एक कंट्रोल कापसुद्धा बसवतात. त्याला रंग लागला नाही तर पेशंटचा निगेटिव्ह रिपोर्ट द्यायचाच नाही, परत रंगवायचं.

गुन्ह्यांच्या तपासात हीच गोष्ट अमेरिकेत १९२० च्या दशकात आली. दोन मायक्रोस्कोप एका पुलानं जोडायचे, दोन्हींची चित्रं एकाच आयपीसमध्ये, मधे एक बारीक रेघ, डावीकडं प्रेताच्या अंगातली गोळी आणि उजवीकडं संशयिताच्या पिस्तुलातनं झाडलेली. गोळ्या फिरवत जायचं, दोन्हींवरचे ओरखडे रेघेच्या आरपार जुळले की पुढचा विचार. फिलिप ग्रॅव्हेल आणि कॅल्विन गोडार्ड यांनी ते गोळ्यांच्या कामाला लावलं. दोनच नमुने, पण खऱ्या अर्थानं एकाच क्षणी, एकाच नजरेत. बाकी बहुतेक यंत्रं एकदम बघतात असं आपण म्हणतो पण आतनं ती भराभर एकेकच बघत असतात.

उदाहरणार्थ ९६ वाट्यांची प्लेट. कोरोनाच्या वेळी टीव्हीवर सगळ्यांनी बघितली असेल, तळहाताएवढी प्लास्टिकची, आठ ओळी बारा रांगा. हिची सुरुवात १९५१ मध्ये हंगेरीतल्या ग्युला तकात्सी यांनी केली, साधनांची टंचाई होती म्हणून एका ठोकळ्यातच वाट्या कोरल्या. दोन वाट्यांच्या मध्यांमध्ये बरोबर ९ मिलीमीटर. मघाचा आकडा आठवा, ४ च्या ऑब्जेक्टिव्हचा गोल ५ मिलीमीटरचा, म्हणजे एक वाटीसुद्धा धड मावत नाही. म्हणून ह्याला उलटा मायक्रोस्कोप लागतो, ऑब्जेक्टिव्ह खालून, वाटीच्या तळाशी, आणि प्लेट मोटरवर सरकते, यंत्र प्रत्येक वाटीला थांबून फोकस करतं आणि फोटो काढतं. फोकस प्रत्येक वेळी परत का, तर ४० च्या ऑब्जेक्टिव्हला फोकसची खोली जेमतेम मायक्रॉनभर असते आणि प्लास्टिकचा तळ कधीच तेवढा सपाट नसतो. (कोरोनात आणखी एक शब्द ऐकला असेल, पूल टेस्टिंग. ते वेगळं, त्यात नमुने एकत्र मिसळून एकच टेस्ट करतात, तिथं कोण कुठला हे मुद्दाम पुसलेलं असतं.)

स्लाइड स्कॅनरचंही तसंच, हजारो बारके फोटो काढून गोधडीसारखे शिवायचे. १५ बाय १५ मिलीमीटरचा काप पाव मायक्रॉनच्या ठिपक्यांनी टिपला तर ६० हजार बाय ६० हजार, म्हणजे ३६० कोटी ठिपके होतात. पण एकदा हे झालं की स्क्रीनवर चार स्लाइड शेजारी उघडून एकीला सरकवलं की चारही बरोबर सरकतात, हे मला फार आवडतं. अमेरिकेत २०१७ मध्ये अशा स्क्रीनवरच्या स्लाइडवरनं थेट निदान करायला पहिल्यांदा परवानगी मिळाली.

खरोखर एकाच वेळी बघायचं तर एकच उपाय, डोळे वाढवा. २००४ मध्ये अॅरिझोनात रोनाल्ड वाइनस्टाइन आणि त्यांच्या टीमनं ८० बारकी मायक्रोस्कोपं एकत्र बसवून अख्खी स्लाइड मिनिटाच्या आत टिपायची सोय केली. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅल्टेक संस्थेतल्या लोकांनी ९६ वाट्यांना ९६ कॅमेरे लावले. ड्यूक विद्यापीठाच्या लोकांनीही ९६ कॅमेऱ्यांपर्यंतची जुळणी केली, तिच्यात शेकडो चौरस सेंटीमीटर जागा एका क्षणात येते, मुंग्यांचा थवा नाहीतर माशांची पिल्लं सगळी एकदम हलताना दिसतात, पण बारकावा १८ मायक्रॉनचा. लाल पेशी त्यात दिसणार नाही. बघा, परत तोच हिशोब.

हा हिशोब थोडा वाकवायची एक युक्तीही निघाली आहे. २०१३ मध्ये कॅल्टेकमध्येच झेंग, हॉर्स्टमायर आणि यांग यांनी साधं २ चं ऑब्जेक्टिव्ह ठेवलं आणि खालच्या बल्बच्या जागी एलईडींची जाळी. एकेक एलईडी लावायचा, प्रत्येकाचा उजेड वेगळ्या कोनातनं येतो, म्हणजे जो तिरका उजेड मघाशी निसटून जात होता तो दरवेळी थोडाथोडा भिंगात शिरतो. असे बरेच फोटो घेऊन कॉम्प्युटर त्यातनं एक चित्र जुळवतो. सुमारे १२० चौरस मिलीमीटर जागा आणि बारकावा मायक्रॉनच्या आत. फुकट मात्र नाही, भिंगाचा खर्च वाचला तो वेळ आणि कॉम्प्युटरवर गेला, आणि तेवढ्या वेळात नमुना हलला तर जमत नाही.

आता पत्त्याबद्दल. अनेक नमुने एकत्र ठेवायचे म्हणजे प्रत्येकाचा पत्ता पाठ पाहिजे, आणि हे मी चुकून शिकले. मिरजेहून इकडं आल्यावर ज्या लॅबमध्ये पहिली काम करत होते तिथं दोन शेतकऱ्यांचे डोळे दोन काचेच्या डिशमध्ये मांडले आणि नंबर लिहिला तो झाकणावर. मधे लाइट गेली, दोन्ही झाकणं काढून ठेवली, परत लावताना अदलाबदल झाली. एका डिशमध्ये ओळीत दहा डोळे होते आणि दुसरीत बारा, वहीत उलटं लिहिलेलं दिसलं म्हणून कळलं, नाहीतर एकाच्या बागेची छाटणी दुसऱ्याच्या रिपोर्टवर झाली असती. दोघांनाही फोन करून खरं ते सांगितलं आणि परत काड्या आणायला लावल्या, एकाला त्यासाठी मणेराजुरीहून दुसऱ्यांदा यावं लागलं. त्या दिवसापासनं नंबर डिशच्या तळाला, झाकणाला कधीच नाही. मायक्रोअॅरेवाले ह्याहून हुशार, ते एका कोपऱ्यात मुद्दाम वेगळ्याच अवयवाचा ठिपका बसवतात नाहीतर एक जागा रिकामी सोडतात, म्हणजे काच उलटी फिरली तरी पहिलं घर कुठलं ते कळतं.

काकांना जे पाहिजे होतं ते मी आता बऱ्याच अंशी करते. डिशच्या तळाला मार्करनं चौकटी आखलेल्या आहेत, एक काडी एक ओळ, पहिला डोळा डावीकडं, कोपऱ्यातली एक चौकट रिकामी. कापलेला भाग हवेत तपकिरी पडतो म्हणून दोन-तीन काड्यांचेच डोळे एकावेळी कापायचे आणि वर पाण्याचा थेंब. आधी कमी झूमवर पूर्ण ओळ बघायची, कुठला डोळा मेलेला, कुठला फुगीर, ते तिथंच कळतं, आणि मग शंका वाटेल तिथं झूम वाढवायची. मोबाईल आयपीसला लावून फोटो काढते तो सगळ्यांचा एकाच झूमवर, एकाच उजेडात, एक्स्पोजर आणि रंग लॉक करून, कारण ऑटोवर ठेवलं तर मोबाईल प्रत्येक फोटो आपल्या मनानं उजळतो आणि तुलनेची वाट लागते. एक फोटो मोजपट्टीच्या काचेचा, जिच्यावर एक मिलीमीटरचे शंभर भाग कोरलेले असतात. मग सगळे फोटो शेजारी शेजारी लावून शेतकऱ्याला दाखवायचे. सहाव्या डोळ्यावर सगळ्या ओळींत घड आहे आणि तिसऱ्यावर फक्त दोन ओळींत, हे त्याला स्वतःच्या डोळ्यानं दिसतं, मला वेगळं पटवून द्यावं लागत नाही. काकांनी तो फोटो बघितला आणि बोटानं ओळी मोजत म्हणाले, "म्हंजे सहाव्यावर धरायचं." मी म्हटलं, पाचवाही बघा, तिथंपण आहेत. पंधराच्या पंधरा काड्या व्हायला सव्वा तास लागला.

ह्या हंगामात येणार असाल तर छाटणीच्या आठ-दहा दिवस आधी या. काड्या बागेच्या एकाच कडेच्या नकोत, चारी बाजूंच्या आणि मधल्यापण घ्या, जाड बारीक दोन्ही, पानं काढून पण डोळ्याला धक्का न लावता. बुडाला चिठ्ठी बांधा, कुठल्या ओळीतली ते लिहून, पेननं नको, पेन्सिलनं, कारण ओल्या पेपरात शाई उतरते. आणि मोळी डिकीत उन्हात ठेवून गावात दुसरी कामं करत बसू नका, आधी इकडं या.